हात न लावण्याचं काम

नव्या माणसाला पहिल्या दिवशी बादली मिळते. पुण्याबाहेर टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या या केंद्रावर शनिवार-रविवार येणाऱ्यांत आयटीतली पोरं असतात, परीक्षा संपलेल्या कॉलेजच्या मुली असतात, एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत, एक दातांच्या डॉक्टर आहेत. येताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असतं: मांडीवर बिबट्याचं पिल्लू आणि हातात दुधाची बाटली. इथे आल्यावर पिंजऱ्यातले कागद बदला, ट्रे घासा, भांडी जंतुनाशकात बुडवा, चादरी धुऊन वाळत घाला, पपई नि पेरू चिरा, कोंबडीची काळजं कापून, वजन करून वाट्या भरा. चार तासांत एखादं जनावर दिसलंच तर पडद्याच्या फटीतून. पावसाळ्यापर्यंत निम्मे गळतात. मॅनेजरसाहेब टिकले. औषधांच्या कपाटाची वही आता त्यांच्या ताब्यात आहे, आणि सलाईन संपत आलंय हे डॉक्टरांच्या आधी त्यांना कळतं.

*

मे महिना. फोनला उसंत नाही.

"ताई, बुलबुलचं पिल्लू पडलंय. उडता येत नाहीये त्याला."

"अंगावर पिसं आहेत का?"

"आहेत. शेपूट बारकीशी आहे."

"जखम?"

"नाही. नुसतं ओरडतंय."

"आसपास मोठे बुलबुल दिसतात?"

"दोन आहेत. आमच्यावरच ओरडताहेत."

"मग त्याला जवळच्या झुडपात बसवा आणि तुम्ही तिथून जा."

पलीकडे शांतता. माणूस मदतीला धावलेला असतो आणि आपण त्याला घरी जायला सांगतो, हे त्याला पटत नाही. बुलबुलाचं पिल्लू बारा-तेरा दिवसांचं झालं की घरट्यातून बाहेर पडतं, ते नीट उडता येण्याआधीच. पुढचे काही दिवस आई-बाप त्याला झुडपातच भरवतात. तेवढे दिवस मांजर आवरून धरलं तर बाकी काही करावं लागत नाही. पिसं न फुटलेलं पिल्लू पडलं असेल तर ते उचलून घरट्यात ठेवावं. घरटं सापडत नसेल तर भोकं असलेली लहानशी टोपली त्याच झाडाच्या फांदीला बांधावी. "पण माणसाचा हात लागला की आई घेत नाही ना?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक फोनवर येतो. पक्षी असं करत नाहीत. पिल्लाच्या मागे त्यांची इतके दिवसांची मेहनत असते, तुमच्या हाताच्या वासापायी ते ती सोडून देत नाहीत.

तरी विणीच्या हंगामात दारात येणाऱ्या खोक्यांमध्ये अशी पिल्लं खूप, आई-बाप समोर असताना उचलून आणलेली. आणणाऱ्याने रिक्षाचे पैसे स्वतःच्या खिशातून घातलेले असतात, ऑफिसला उशीर केलेला असतो. रागवायचं कुणावर?

*

खोकं हातात घेताना विचारायचा पहिला प्रश्न: "काही पाजलं का?"

उत्तर बहुधा: "थोडंसंच."

हे थोडंसंच फार महागात पडतं. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. ड्रॉपरने चोचीत सोडलेलं पाणी सरळ तिकडे जाऊ शकतं. दूध तर पक्ष्याच्या आहारात कधी नव्हतंच. खारीच्या पिल्लाला गाईचं दूध दिलं की जुलाब लागतात आणि तेवढ्याशा जीवाचं पाणी संपतं.

क्रम ठरलेला आहे: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. गार पडलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही. त्यात घातलेलं तिथेच सडतं. म्हणून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची आणि वाट बघायची. बघत बसणंच लोकांना जमत नाही. अंग उबदार झालं की ओआरएस, थेंबाथेंबाने. त्यानंतर दूध, तेही कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरचं. पाजून झालं की ओल्या कापसाने पोटाखाली हळूहळू पुसायचं. खारीची आई चाटते तेव्हा पिल्लाला लघवी होते. आपोआप होत नाही. या कामात दातांच्या डॉक्टरांचा हात धरणारं कुणी नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बारीक कामं करून त्या संध्याकाळी इथे येतात आणि तेच करतात.

*

"काळी चिमणी आहे, दोन्ही पाय मोडलेत."

बुटाच्या खोक्यात पाकोळी. पाय मोडलेले नव्हते, ते असतातच तेवढे. पाकोळीला फांदीवर बसता येत नाही. भिंतीला नखांनी लटकायचं नाहीतर हवेत राहायचं, एवढंच तिला ठाऊक. सपाट जमिनीवर पडली की पुष्कळदा तिला उठता येत नाही. पंख तपासले, वजन केलं, गच्चीवर नेऊन उघड्या तळहातावर ठेवली. वर उडवायची नसते, तिला जायचं तेव्हा ती जाते. अंग थरथरवलं आणि गेली. सलाईनची बाटली नाही, एक्स-रे नाही, बिल नाही. असे रुग्ण रोज यावेत.

*

संक्रांत एका दिवसाची, मांजा वर्षभराचा. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉनच्या मांज्यावर देशभर बंदी घातली. दर जानेवारीत धाडींच्या बातम्या येतात, जप्त केलेल्या रिळांचे ढीग फोटोत दिसतात, आणि त्याच आठवड्यात आमचे पिंजरे भरतात. घारी जास्त, पण बगळे, घुबडं, वटवाघळंही. झाडात अडकलेला नायलॉन कुजत नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावरही चिंचेच्या शेंड्यावर तोच दोरा, त्याला लटकलेली घार, खाली जमलेली गर्दी आणि अग्निशमन दलाची शिडी.

घारीने पंख उघडला की खांद्यापासून मनगटापर्यंत पुढच्या कडेला कातडीचा पातळ पडदा ताणला जातो. त्या कडेतून एक बारीक पण चिवट दोरी गेलेली असते. वेगाने येणाऱ्या घारीला मांजा नेमका तिथे लागतो. कातडी शिवता येते, भरून येते. ती दोरी तुटली असेल तर पंख पुन्हा पुरता उघडत नाही, आणि पंख पुरता न उघडणारी घार म्हणजे जमिनीवर चालणारी घार. पट्टी जास्त दिवस ठेवली तर सांधा आखडतो, लवकर काढली तर टाके सुटतात. मधला दिवस कोणता, हे डॉक्टर बोटांनी ठरवतात.

मग लांब पिंजरा. इथे आमचं काम सुरू होतं, म्हणजे फटीला डोळा लावून वहीत लिहायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात गेली का? वळली का? उंच दांडीवर बसली की खालच्या? दोन फेऱ्यांनंतर चोच उघडी राहिली का? रोज तेच. सुरुवातीला मला हे कंटाळवाणं वाटलं, आता याच वेळेसाठी येतो.

दिल्लीत वजिराबादला दोन भाऊ घराच्या तळघरात घारींवर उपचार करतात. शौनक सेन यांनी त्यांच्यावर केलेला 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट 2022 मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. घार मांस खाते म्हणून एका पक्षी-रुग्णालयाने ती दाखल करून घेतली नाही, तिथून त्यांची सुरुवात झाली. मला यात दिल्लीचं काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडेही धान्यासाठी देणगी पटकन मिळते. कोंबडीच्या काळजांचं बिल दाखवलं की काही देणगीदार चहा घेऊन उठतात.

*

शुद्ध शाकाहारी घरातली एक मुलगी घुबडांसाठी उंदीर कापते. तिच्याइतकं सफाईने कुणी कापत नाही. घरच्यांच्या लेखी ती अभ्यासिकेत असते.

*

गव्हाणी घुबडाची पिल्लं दरवर्षी येतात, बहुधा सोसायट्यांच्या डक्टमधून. रंगकाम निघतं, कामगार डक्टमध्ये उतरतो, अंधारातून साप फुत्कारल्यासारखा आवाज येतो आणि तो वर पळतो. ती पिल्लं असतात. रंगाचं काम महिनाभर पुढे ढकला, असं सांगून पाहायचं. काही सोसायट्या ऐकतात. ऐकलं नाही तर पिल्लं इथे.

घुबडाचं पिल्लू ज्याच्या तोंडाकडे बघत भरवलं जातं त्याला ते आपलं मानू लागतं. एकदा ते माणसाला आपलं मानून बसलं की मोठेपणी माणसाच्या खांद्यावर येऊन बसेल, जोडीदारही त्याला माणसांतच दिसेल. रानात त्याचा काही उपयोग नाही. म्हणून तोंडावर कापड, हातात मोजा, पडद्याआडून चिमट्याने उंदराचा तुकडा, आणि खोलीत एक शब्द बोलायचा नाही. चार पुणेकरांना एका खोलीत बसवून तोंड मिटायला सांगणं हे या केंद्रापुढचं सर्वांत मोठं आव्हान आहे, असं इथले डॉक्टर म्हणतात.

नावंही ठेवायची नाहीत. प्रत्येकाला केस नंबर असतो. अर्थात खाजगीत सगळे ठेवतात.

दिवाळीच्या आधी वेगळेच फोन येतात. घुबड आहे का, नुसतं बघायचं आहे, केवढं आहे, नखं किती आहेत. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीसाठी घुबडांना गिऱ्हाईक असतं हे आम्हाला माहीत आहे. त्या दिवसांत आमच्याकडे एकही घुबड नसतं. पिंजऱ्यात सहा असली तरी.

*

पोपट आणणारे दोन प्रकारचे. एक, ज्यांना नुकतंच कळलंय की तो पाळणं गुन्हा आहे. दुसरे, ज्यांच्या घरात पोपट पाळणारं माणूस गेलंय.

एक आजोबा आले होते. पत्नी गेल्यावर पोपट बोलेनासा झाला म्हणाले. पिंजरा, वाटी, पिशवीत हिरव्या मिरच्या आणि वहीच्या पानावर त्याच्या आवडीनिवडी: डाळ भिजवून, पेरू बियांचा, संध्याकाळी सहा वाजता फडकं टाकणे. छाटलेली पिसं गळून नवी येतात, त्याला काही महिने लागतात. ते सोपं आहे. माणसाच्या आवाजाकडे मान वळवायची सवय घालवणं सोपं नाही. त्याला इतर पोपटांच्या मोठ्या पिंजऱ्यात सोडला. पहिले काही दिवस तो कोपऱ्यात बसून लांबून ऐकू येणाऱ्या आमच्या बोलण्याला उत्तरं देत होता.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याप्रमाणे असा प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. हाती आला की 48 तासांत पोलिसांना किंवा वन विभागाला कळवावं लागतं. "मग मीच वाढवतो की, प्रेमाने" असं म्हणणाऱ्या माणसाला हे सांगताना आवाज फार मऊ ठेवावा लागतो. वन विभागाचा 1926 हा नंबर मी आता नातेवाइकांच्या लग्नातही वाटत असतो.

*

रेबीजची लस चावण्याआधीही घ्यायची असते हे अनेकांना इथे येऊन कळतं. ती न घेतलेल्यांना सस्तन प्राण्यांच्या खोलीत प्रवेश नाही. दोन हुशार इंजिनिअर सुईला घाबरून कायमचे पक्षी विभागात गेले.

*

भटक्या कुत्र्यांनी पिटाळलेलं चितळ. अंगावर दोनच ओरखडे. गावकऱ्यांनी धरून ठेवलं होतं, पाणी शिंपडत होते, डोक्यावर हात फिरवत होते. चितळाला तो हात म्हणजे शेवटच्या क्षणाची पकड वाटते. जिवाच्या आकांताने पळताना आणि धडपडताना स्नायू फाटतात, त्यातला विषारी माल रक्तात उतरतो, मूत्रपिंडं नि हृदय कोलमडतात. कधी काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांनी. डोळ्यांवर पट्टी, अंधार, शांतता, सलाईन, याहून फारसं काही हाती नसतं. दुसऱ्या दिवशी ते उभं राहिलं, पाला खाल्ला, तिसऱ्या पहाटे गेलं. नवी मुलं रडली. गावकऱ्यांना कळवायचं काम माझ्याकडे होतं, त्यांनी विचारलं, "आमचं काही चुकलं का?" मी नाही म्हणालो. पुढच्या वेळी मात्र पोतं अंगावर टाकून सगळ्यांनी लांब व्हा, हेही सांगितलं.

*

औषधांच्या खोलीत भिंतीवर वेदनाशामकांचा तक्ता आहे. डायक्लोफेनॅकवर लाल फुली. जनावराला हे औषध दिलं, जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे 2004 मध्ये सिद्ध झालं. 2006 मध्ये आपल्याकडे गुरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपली होती. तक्त्यावर पर्याय लिहिलाय: मेलोक्सिकॅम. नवीन कुणी आलं की मॅनेजरसाहेब त्याला तक्त्यापुढे उभं करून ही गोष्ट सांगतात; बँकेत बुडीत कर्जांची सांगत असतील तशीच, आकड्यांसकट.

*

बिबट्यांचं इथे फारसं काही नसतं. ते उत्तरेला, जुन्नरकडे. माणिकडोहचं निवारा केंद्र वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून चालवत आले आहेत. तिथल्या कामातलं सर्वांत चांगलं काम पिंजऱ्याबाहेर होतं, उसाच्या फडात.

ऊसतोड सुरू झाली की पाचटात पिल्लं सापडतात. मादी उसातच व्यालेली असते. तिच्या लेखी तेच रान. पूर्वी पिल्लं उचलली जात आणि जन्मभर पिंजऱ्यात राहत. आता फडातली तोड थांबवतात, डॉक्टर येऊन पिल्लं तपासतात, गोचिड्या काढतात, कातडीखाली तांदळाएवढी चिप घालतात, आणि अंधार पडायच्या सुमारास ज्या सरीत सापडली त्याच सरीत क्रेटमध्ये ठेवून सगळे निघून जातात. कॅमेरा तेवढा मागे राहतो. मादी येते, क्रेट आडवा करते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. कधी पहिल्या रात्री, कधी दुसऱ्या. यात शेतकऱ्याचा वाटा कुणी मोजत नाही. टोळी खोळंबलेली, कारखान्याची गाडी उभी, आणि हा माणूस स्वतःच्या शेतात बिबट्याला या म्हणतोय.

बिबट्या पकडून लांब सोडला की प्रश्न मिटतो, असं वाटणं साहजिक आहे. जुन्नर भागात 2001 नंतर तेच केलं गेलं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडलेला हिशेब असा की त्याआधी वर्षाला माणसांवर सरासरी 4 हल्ले होत होते, ते 17 वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं आणि परत यायला निघतं. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या नर बिबट्याला कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं, तर तो सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. त्याच्यावर 'आजोबा' हा सिनेमा निघाला.

पण हे सगळं ज्या घरातलं मूल बिबट्याने नेलं त्या घराच्या ओट्यावर बसून सांगायची माझी छाती नाही. जुन्नर-शिरूर पट्ट्यात अशी घरं आहेत. प्राणी वाचवणाऱ्या आम्हा शहरी लोकांचा त्यांच्याविषयीचा सूर मला अनेकदा खटकतो. आपण शनिवारी येतो आणि रविवारी संध्याकाळी गेट असलेल्या सोसायटीत परततो. शेताला पाणी द्यायला रात्री तीनला, वीज येईल तेव्हा, त्यांना जावं लागतं.

*

डहाणूला समुद्री कासवांचं केंद्र आहे. पावसाळ्यात दर्या खवळला की जखमी कासवं किनाऱ्याला लागतात, बहुतेकांना तुटक्या जाळ्याचा फास बसलेला. एखाद्याचं वल्ह्यासारखं पाऊल कापावंच लागतं. जाळं कापून असा संरक्षित जीव सोडणाऱ्या कोळ्याला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई द्यायची योजना राज्याने 2018 मध्ये आणली. सगळ्या उपदेशांपेक्षा ही मला जास्त समजूतदार वाटते.

*

रिलीज. दिवसा उडणारे सकाळी, रात्रीचे तिन्हीसांजेला, आणि शक्यतो जिथे सापडले तिथेच. खोक्याचं झाकण उघडायचं आणि मागे सरायचं. बघण्यासारखं क्वचितच घडतं. शिक्रा निघाला की दोन सेकंदांत दिसेनासा होतो. उदमांजर दहा मिनिटं खोक्यातच बसून राहतं आणि आपण पाठ वळवली की जातं. पुढे काय झालं हे बहुधा कळत नाही.

स्थानिक पुढाऱ्यांना घार स्वतःच्या हाताने आकाशात सोडायची होती. फोटोग्राफर दोन होते. साहेबांना यायला अडीच तास उशीर झाला. तोवर डॉक्टरांनी खोकं सावलीत उघडून घार सोडून दिली होती. साहेबांनी रिकामं खोकं धरून फोटो काढला, तो छापूनही आला.

*

"आम्हाला यायला जमत नाही, पण काय देऊ?" असं विचारणाऱ्यांसाठी. जुन्या सुती चादरी चालतात, डाग असले तरी. टर्किश टॉवेल नकोत. त्यांच्या धाग्यांच्या वेढ्यांमध्ये नखं अडकून पिल्लांची बोटं मोडतात. लोकरीचं काहीच नको. हवा जायला भोकं पाडता येतील अशी पुठ्ठ्याची मजबूत खोकी कितीही. एक मिलीच्या सिरिंजा. गरम पाण्याच्या रबरी पिशव्या. ब्रेड, बिस्किटं, फरसाण कृपा करून आणू नये. पपई आणली तर पिकलेली आणा, आमच्याकडे पिकवायला जागा नाही. वर्तमानपत्रांचे गठ्ठे अकरानंतर आणा, त्याआधी भरवायची वेळ असते. मूळ अंक तेवढे द्या. पुरवण्या गुळगुळीत कागदाच्या असतात, पाणी शोषत नाहीत, त्या रद्दीवाल्याला.